कोंढेवालीचा नेवता

एकोडीत गोदावरीबाई नावाची कोणी बाई राहते का, असं विचारत पोस्टमन गावभर फिरला, तेव्हा गावाने त्याला सरळ नाही म्हणून सांगितलं. चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी नाही म्हटलं, किराणा दुकानवाल्याने नाही म्हटलं, आणि खुद्द गोदावरीबाईंच्या मोठ्या जाऊबाईंनी, निर्मलाबाईंनी, अंगण सारवता सारवता मान हलवली, की या घरात कोणी गोदावरी-बिदावरी नाही. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. धाकटी जाऊ लग्न होऊन आली त्या दिवसापासून त्या तिला कोंढेवाली म्हणत आल्या होत्या.

इकडची रीतच तशी आहे. सून ज्या गावाहून आली, त्या गावाचं नाव तिला चिकटतं ते सरणापर्यंत. पवनी तालुक्यातल्या कोंढ्याची म्हणून ही कोंढेवाली, शेजारच्या घरातली आंधळगाववाली, तिच्या पलीकडची आणखी कुठली तरी वाली. पोरं झाली की मग अमक्याची माय. आईबापांनी हौसेने ठेवलेलं नाव माहेरच्या उंबऱ्याच्या आत राहून जातं आणि वर्षातून एकदा, भाऊबीजेला, भावाच्या तोंडून ऐकू येतं. गोदावरीबाईंचा भाऊ तर त्यांना बाई म्हणायचा, त्यामुळे तेवढंही नाही.

नवऱ्याची, सेवकरामांची, गोष्टच सोडा. हाक मारायची झाली की ते "आयकून राहिली का" म्हणत, आणि चुलीजवळून उत्तर येई. एवढ्यावर संसार उत्तम चालला होता. नावाची गरज पडली ती साकोलीच्या कृष्णरावांमुळे.

कृष्णरावांचं साकोलीत राइस मिलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. धानाची साल काढणाऱ्या यंत्रात रबराचे रोलर लागतात. ते बनवणारी नागपूरची वैदर्भी रबर नावाची कंपनी शहाऐंशी साली लोकांना शेअर देणार होती. कृष्णरावांना त्याचे अर्ज भरून द्यायचे होते, आणि ते येईल त्या गिऱ्हाइकाला चहा पाजून अर्जाला बसवत होते. सेवकराम गेले होते फवाऱ्याच्या पंपाचा वायसर आणायला.

"दोघाइच्या नावानं टाका सेवकरामभाऊ," कृष्णराव म्हणाले. "चिठ्ठ्या निघतेत. तुमची नाही निघाली तं घरच्या बाईची निघन. नाव काय लिवू?"

"कोंढेवाली."

"अर्जात कोंढेवाली चालत नाही बाप्पा."

सेवकरामांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा टोपी घातली. "गोदावरी असन," ते म्हणाले.

त्या 'असन'वर पुढे आयुष्यभर घरात हसणं झालं. सेवकरामांनी आपल्या अर्जाचे हजार रुपये धान विकून भरले. गोदावरीबाईंच्या अर्जाचे हजार त्यांनी स्वतः दिले, रोवण्याच्या मजुरीतून गाठीला बांधून ठेवलेले. धानाचं रोप एका हातात धरून दुसऱ्या हाताने चिखलात रोवायचं, वाकलेली कंबर दिवस मावळल्यावरच सरळ करायची, अशा पावसाळ्यांचे ते पैसे होते. त्यांना त्यातून सोन्याचे मणी करायचे होते. नवऱ्याने मागितले म्हणून दिले, पण देताना काही गोड बोलल्या नाहीत.

चिठ्ठी निघाली ती बाईची. सेवकरामांचे पैसे परत आले. पोस्टमन ज्या गोदावरीबाईला शोधत फिरत होता, तिच्या नावावर कंपनीचे शंभर शेअर झाले होते.

दुसऱ्या वर्षी, पोळा होऊन गेल्यावर, आणखी एक लिफाफा आला. इंग्रजीत होता, म्हणून सेवकराम तो शाळेतल्या गुरुजींकडे घेऊन गेले. गोदावरीबाई मागे पदर धरून उभ्या होत्या. गुरुजींनी वाचून सांगितलं, कंपनीची वार्षिक सभा आहे, सभासद गोदावरीबाई यांनी नागपूरला हजर राहावं असं लिहिलं आहे. आणि हसून म्हणाले, हा छापील कागद सगळ्यांनाच जातो, कोणी जात नाही, चूल पेटवायला कामाचा आहे.

गोदावरीबाईंनी सगळ्यातलं एकच ऐकलं. "माह्यं नाव टाकून बोलावलं ना?"

"नाव तुमचंच आहे."

"मंग जा लागन."

गुरुजींना वाटलं बाई गंमत करते. पण गावात नेवत्याचा कायदा सगळ्यांना पाठ असतो. बारसं असो, लग्न असो, तेरवी असो, बोलावणं आलं की जावं. स्वतः जमत नसेल तर घरातलं कोणी धाडावं. गेलात नाही तर पुढच्या कार्याला तुमच्या दारावरून नेवता देणारा न थांबता पुढे जातो, आणि मग तुमची चूक तुम्हीच जाऊन कबूल करावी लागते. आजवर आलेला प्रत्येक नेवता सेवकरामच्या घराला होता. हा पहिला नेवता गोदावरीला होता. तो चुलीत घालायची सूचना करणाऱ्या गुरुजींबद्दल त्यांचं मत त्या दिवशी जे बिघडलं ते गुरुजी बदलून गेले तरी सुधारलं नाही.

रिकाम्या हाताने कार्याला जात नाहीत, म्हणून त्यांनी जुना चिन्नोर पाखडून पिशवीत बांधला. चिन्नोर म्हणजे इकडचा वासाचा तांदूळ, शिजला की शेजारणीला कळतो. कोसल्याच्या रेशमाचं लग्नातलं लुगडं काढलं. सेवकरामांनी कोट घातला. एकोडीहून साकोली, साकोलीहून नागपूरची एसटी. भंडाऱ्याच्या पुलावर वैनगंगा दिसली तेव्हा दोघांनी हात जोडले आणि सेवकरामांनी खिडकीतून नाणं टाकलं, ते पुलाच्या कठड्याला लागून परत रस्त्यावर पडलं.

सभा एका मोठ्या हॉलमध्ये होती. दारावरच्या माणसाने विचारलं, "सभासद कोण?"

"हे," सेवकराम बायकोकडे बोट दाखवून म्हणाले.

"मग यांनी आत जावं. तुम्ही बाहेर थांबा."

सेवकरामांनी आयुष्यात पुष्कळ ठिकाणी बायकोला बाहेर बसवलं होतं. पंचायतीत, बँकेत, सोसायटीत. ते समोरच्या कडुलिंबाखाली जाऊन बसले, दोघांच्या चपला जवळ घेऊन. कारण गोदावरीबाई चपला काढून आत गेल्या होत्या. कार्याच्या घरात चपला घालून कोण जातं?

आत काय बोलणं झालं ते त्यांना अर्थातच कळलं नाही. सगळे हात वर करत तेव्हा त्याही करत. पण मंचावरून उतरताना कंपनीच्या मालकांनी, जाड भिंगाच्या चष्म्याच्या एका उंच माणसाने, अनवाणी उभ्या असलेल्या या बाईला पाहिलं आणि ते थांबले. गोदावरीबाईंनी पिशवी पुढे केली. मालकांना आधी वाटलं काही तक्रार आहे. तक्रार नाही, आहेर आहे, हे कळल्यावर त्यांनी पिशवी घेतली, तोंड उघडून वास घेतला आणि मराठीत म्हणाले, "चिन्नोर का हो? माझ्या मावशीकडे असायचा, तुमसरला." संबंध जुळायला गोदावरीबाईंना एवढं पुरे होतं.

बाहेर आल्या तेव्हा हातात कागदाचा डबा होता. एक समोसा, एक पेढा, थोडे वेफर. अर्धा समोसा त्यांनी कडुलिंबाखाली सेवकरामांना दिला.

"काय झालं अंदर?" सेवकरामांनी विचारलं.

"बरं चाललं म्हनते त्याइचं," त्या म्हणाल्या. "मी हात वर केला."

तेव्हापासून दर वर्षी हे ठरलेलं झालं. रोवणे आटोपलेले, धान पोटरीत येऊन राहिलेलं, बांधीत पाणी बघण्यापलीकडे काम नाही, अशा दिवसांत लिफाफा येई आणि दोघं नागपूरला निघत. सेवकराम त्यांना चिडवून सभासदीणबाई म्हणू लागले. गावातल्या बायका विचारत, कुठं चालली वं कोंढेवाली, आणि त्या उगाच आवाज बारीक करून म्हणत, नागपूरले, कंपनीनं बोलावलं. दारावरच्या माणसाला सेवकराम माहीत झाले, मग तो त्यांच्यासाठी खुर्ची आणून ठेवी, पण आत मात्र कधी सोडलं नाही. सेवकरामांनीही कधी मागितलं नाही. सभेनंतर बर्डीच्या बाजारात जायचं, नातेवाइकांसाठी शेव घ्यायची, फार तर एक रसवंती, आणि शेवटच्या गाडीने परत. त्या गाडीत गोदावरीबाई खिडकीशी बसत आणि सेवकराम त्यांच्या खांद्यावर झोपत. आता कधी त्या दिवसांची आठवण निघाली की त्यांना सभेतलं काही आठवत नाही. खांद्यावर पडलेलं ते टोपीचं डोकं आठवतं.

शेअर ठेवण्या-विकण्याचा विचार या सगळ्यात कुठे नव्हता, आणि इथेच खरी गंमत आहे. कृष्णरावांनी स्वतःचे शेअर ब्याण्णव साली, बाजार चढला होता तेव्हा, विकले आणि निळी स्कूटर घेतली. सगळ्या साकोलीने त्यांना हुशार म्हटलं. ती स्कूटर पुढे भंगारात गेली, आणि कृष्णराव म्हातारपणी गोदावरीबाई दिसल्या की कपाळाला हात लावून हसत. पण त्यांच्याच सांगण्यावरून ज्या लोकांनी दुसऱ्या दोन कंपन्यांचे कागद घेतले आणि तेवढ्याच निष्ठेने पेटीत ठेवले, त्यांचे कागद कसरीने खाल्ले तरी कोणाचं काही बिघडलं नाही, कारण त्या कंपन्याच उरल्या नाहीत. तेव्हा धीर धरला म्हणून फळ मिळालं, असा धडा काढायला कोणी बसू नये. गोदावरीबाईंनी धीर-बीर काही धरला नव्हता. त्यांनी नातं धरलं होतं.

ते कळलं एकदाच, कंपनीच्या पडत्या काळात. दोन हजार एकच्या सुमाराला स्वस्त माल बाहेरून येऊ लागला, कंपनी तोट्यात गेली, शेअर मातीमोल झाले. कृष्णरावांनी निरोप धाडला, आता तरी विका, चुलीच्या लाकडाचे पैसे तरी निघतील. सेवकरामांनाही पटलं. त्यांनी रात्रीच्या जेवणाला विषय काढला.

गोदावरीबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "त्याच्या घरी इतकं वाईट होऊन राहिलं, अन आपन आपला हिस्सा मागाले जाव का? लोक काय म्हनतीन?"

"लोकाइले काय मालूम?"

"त्याले तं मालूम होईन ना."

त्या वर्षीच्या सभेत लोक मालकांवर ओरडले. कोणी कागद भिरकावले. चहाला फार कोणी थांबलं नाही. गोदावरीबाई थांबल्या. मालक एकटेच टेबलाशी उभे होते. त्यांनी नेहमीसारखी पिशवी दिली आणि म्हणाल्या, "होते बाप्पा असं एखादा साल. जेवत जा बरं." मालक चष्मा काढून पुसत राहिले.

पुढे कंपनीने गाड्यांना लागणारे रबराचे भाग करायला घेतले, परदेशात माल जाऊ लागला, आणि तिचं असं काही भाग्य फळफळलं की विचारू नका. एका शेअरचे दोन झाले, पुन्हा दोन झाले, मग तुकडे होऊन आणखी वाढले. दर वर्षी लाभांशाचा चेक येई. त्यातून निर्मलाबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, घरावर कौलांच्या जागी पत्रे आले, नात गुंजन साकोलीच्या कॉलेजात गेली. जुने मालक वारले, मुलगा आला. त्यालाही पहिल्या वर्षी पिशवी मिळाली, आणि त्याने शेजारच्या माणसाला विचारलं, हे काय आहे. पण घेतली.

मग कोरोना आला. त्या वर्षी कोणी कुठे जायचा प्रश्न नव्हता. पुढच्या वर्षी लिफाफा आला नाही. गोदावरीबाईंनी पोस्टमनला दोनदा अडवून विचारलं. त्याच वर्षी हिवाळ्यात सेवकराम गेले, साध्या तापाने, धान घरात आल्यावर. त्यानंतरच्या वर्षीही लिफाफा आला नाही.

घरातल्यांनी त्यांना समजावलं. मुलगा प्रितम म्हणाला, आता सभा मोबाइलवर असते. गुंजन तोपर्यंत नागपूरला एका बँकेत नोकरीला लागली होती. ती म्हणाली, "आजी, नोटीस माझ्या ईमेलवर येते." एकदा सुट्टीत तिने फोन ताकाच्या रवीला टेकवून सभा लावूनही दिली. गोदावरीबाई लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन फोनसमोर बसल्या. पडद्यावर तीन-चार माणसं आळीपाळीने बोलत होती.

"मी दिसून राहिली का त्याइले?"

"नाही आजी. आपण फक्त पाहायचं."

त्या थोडा वेळ बसल्या आणि उठून गाईला वैरण घालायला गेल्या. त्यांच्या मनाने दुसरंच घेतलं होतं. कोरोनाच्या साली आपण गेलो नाही. कोणाला धाडलंही नाही, निरोपही नाही दिला. मग नेवता बंद झाला. सरळ होतं. एवढ्या वर्षांची सोयरीक, मालकाच्या पडत्या काळात राखलेली, आणि आपल्या एका चुकीने तुटली. पोरं आपल्याला बरं वाटावं म्हणून मोबाइलचं सांगतात. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवलं नाही. पण पोळा झाला की त्या दाराकडे बघत, आणि त्या दिवसांत त्यांना अन्न जात नसे.

विषय उघडा पडला तो गेल्या पावसाळ्यात, प्रितमने शेअर विकायची गोष्ट काढली तेव्हा. हजाराचे त्या घडीला चोवीस लाख झाले होते. प्रितम काही वाईट मुलगा नाही. त्याचं म्हणणं साधं होतं. "माय, सगळं एकाच कंपनीत आहे. आज वर आहे, उद्या पडली तं? थोडं बँकेत ठेवू, मोनूच्या शिक्षणाले ठेवू, तुह्या दुखण्याले ठेवू." मोनू हा त्याचा धाकटा, बारावीला होता.

"आता नाही इकत," गोदावरीबाई म्हणाल्या.

"काहून?"

"रुसल्यावानी दिसते. तेइनं बोलवाचं सोडलं म्हनून आपन हिस्सा काढून घेतला, असं होईन. आधी मी जाऊन माफी मांगतो. मंग तुमी काय कराचं ते करा."

प्रितमला हे ऐकून हसावं की रडावं कळेना. गुंजनच्या मात्र पहिल्यांदा लक्षात आलं, की आजी चार वर्षं हे मनात घेऊन फिरते आहे. ती आजीला दुखावणार नव्हती. तिने कंपनीच्या ऑफिसात फोन करून भेटीची वेळ घेतली.

तो जुना हॉल नव्हता. कंपनीचं आता काचांचं ऑफिस होतं, एमआयडीसीत. गोदावरीबाईंनी दारात चपला काढायला घेतल्या, गुंजनने हात धरून राहू दे म्हटलं. भागधारकांचं काम बघणारी रुचिका नावाची तरुण अधिकारी त्यांना बाहेर घ्यायला आली. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं, चांगली वागली.

गोदावरीबाई खुर्चीच्या काठावर बसल्या. "पोरी, मी एकोडीची गोदावरी. त्या साली मले येता नाही आलं. बिमारीचे दिवस होते, गाड्या बंद होत्या. निरोप धाडाले पायजे होता, तो नाही धाडला. चुकलंच माह्यं. मंग तुमी नेवता नाही धाडला, बरोबर आहे तुमचं."

रुचिकाला आधी काहीच उमगेना. गुंजनने हळू आवाजात समजावल्यावर तिने खुर्ची पुढे ओढली. "आजी, त्या वर्षी कोणीच आलं नव्हतं. आणि तुम्हाला एकट्यांनाच बोलावलं नाही असं नाही. तेव्हापासून कोणालाच नाही बोलावलं. सभा इंटरनेटवर होते, नोटीस ईमेलने जाते. खरंच."

"कोनालेच नाही?"

"कोणालाच नाही."

"मंग लोक जमतेत कुठी?"

"जमत नाहीत आजी."

"चहा?"

रुचिकाने नाही म्हणून मान हलवली.

गोदावरीबाईंनी पदर तोंडाला लावला. चार वर्षांचं ओझं उतरलं तेव्हा त्यांना एवढं हलकं वाटलं, की त्या तिथेच रडल्या. आपण चुकलो नव्हतो. सेवकराम गेल्यावर आपल्या हातून एक एक नातं तुटत चाललं असं जे वाटत होतं, ते खरं नव्हतं. गुंजन त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

मग डोळे पुसून त्यांनी पिशवीतला चिन्नोर काढला आणि टेबलावर ठेवला. "मालकाले दे जो. त्याच्या बापाले आवडे."

रुचिकाचा चेहरा उतरला. तिने पिशवीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. "आजी, राग मानू नका. आम्हाला कोणाकडून काही घेता येत नाही. कंपनीचा नियम आहे. आणि ते मालक आता नाहीत, त्यांनी त्यांचा भाग मागेच विकला. आता मुंबईचे लोक आहेत."

"तेइनं इकला?"

"हो. दोन वर्षं झाली."

गोदावरीबाईंनी पिशवीचं तोंड पुन्हा बांधलं. गाठ नीट बसली का पाहिलं. त्यांना राग आला नाही. त्या पोरीची कीव आली, एवढ्या थंड खोलीत एकटी बसते म्हणून. "नियम असन तं असन," त्या म्हणाल्या. "तू चांगलं बोलली माह्यासंग."

परतताना गाडी भंडाऱ्याच्या पुलावर आली तेव्हा गोदावरीबाईंनी हात जोडले. वैनगंगा भरून चालली होती. पूल ओलांडल्यावर म्हणाल्या, "गुंजन, तुह्या बापाले सांग, इकून टाक म्हना."

"सगळे?"

"सगळे. तिथी आता आपल्या वळखीचं कोनीच नाही. बिनवळखीच्या घरी हिस्सा कायले ठेवाचा?"

गुंजनने त्यांना सांगितलं, की काही ठेवले तर पुढे आणखी वाढतील, बँकेतली माणसं तरी तसंच म्हणतात. गोदावरीबाईंनी ऐकून घेतलं. वाढतीलही, त्या म्हणाल्या, कोणाचं वाईट व्हावं असं त्यांना वाटत नव्हतं. शेअर विकले गेले. कर भरला, प्रितमने बँकेत ठेवायचे ते ठेवले, मोनूचे बाजूला काढले. तुले काय पायजे माय, असं विचारल्यावर त्यांनी जे मागितलं ते ऐकून घर चकित झालं. त्यांना मंडईच्या दिवसांत गावातल्या बायकांना जेवण द्यायचं होतं. मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावची जत्रा. गावोगावचे पाहुणे येतात, रात्री नाटक होतं आणि बाया दिवसभर चुलीपुढे असतात. जेवण फक्त बायकांना. आणि नेवता घराला नाही द्यायचा, एकेका बाईला द्यायचा, तिचं नाव कार्डावर लिहून.

साकोलीहून कार्डं छापून आली. नावाची जागा कोरी होती. गुंजन पेन घेऊन आजीबरोबर घरोघर निघाली, आणि मग मोठी पंचाईत झाली. नवीन सुनांची नावं मिळत होती. जुन्यांची मिळेनात. कोणाचं नाव नवऱ्याला आठवेना, कोणाचं नातवाला आधार कार्ड शोधून सांगावं लागलं. निर्मलाबाईंनी मात्र आपलं नाव स्वतः ठासून सांगितलं आणि धाकट्या जावेकडे बघून म्हणाल्या, लिव, नाही तं ह्या घरात कोनी निर्मला नाही म्हनसीन. दोघी जावा अंगणात पोट धरून हसल्या.

शेवटी त्या शेजारी गेल्या. आंधळगाववाली ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली. दोघींचं पाणी एका विहिरीचं, रोवण्याची रांग एक, अर्ध्या शतकाचा शेजार.

"आजी, तुमचं नाव सांगा," गुंजन म्हणाली.

"आंधळगाववाली लिव ना. सारं गाव वळखते."

"तसं नाही. तुमचं नाव."

आतून सून म्हणाली, "थांबा, मायचं कारड पाहून सांगतो."

"कारड कायले पायतं?" म्हातारी आत बघून म्हणाली. "मले मालूम आहे माह्यं नाव." तिने हातातली शेंग खाली ठेवली. थोडा वेळ ती अंगणाकडे बघत राहिली, कोणी तरी फार लांबून हाक मारल्यासारखी. "रुखमिणी," ती म्हणाली.

गोदावरीबाईंनी आयुष्यात पहिल्यांदा ते नाव ऐकलं. गुंजनने ते कार्डावर लिहिलं, वाचून दाखवलं आणि कार्ड म्हातारीच्या हातात दिलं.

"रुखमिणीबाई," गोदावरीबाई म्हणाल्या, "सोमवारी जेवाले या."

रुखमिणीबाईंनी पदर डोक्यावर ओढून घेतला. "घरचे सारे येऊन राहिले का?"

"नाही. तुमाले एकटीलेच बोलावलं."

"मले एकटीले," रुखमिणीबाई म्हणाल्या. मग त्यांनी सुनेला हाक मारली आणि पेटीतलं चांगलं लुगडं उन्हात टाकायला सांगितलं.